टाचणीची दोन भोकं

ओश शहरात, भूगर्भ खात्याच्या जुन्या इमारतीखाली
एक तळघर आहे. पायऱ्या उतरताना आधी वास येतो,
डिंकाचा, उंदरांचा, रॉकेलचा,
मग दिसते बुरुल्चा एजे,
दोन स्वेटरांवर एक कोट, कमरेला चाव्या.

काय हवंय?
कारा-जार खोऱ्याचा नकाशा.
कुठल्या सालचा?

साल मला ठाऊक नव्हतं.
ठाऊक होतं ते एवढंच, की मार्चपासून
आमच्या शाळेच्या भिंतीत एक भेग आहे
आणि तिच्यात आता माझा हात जातो.

ती काही बोलली नाही. दिवा घेऊन आत निघाली, मी मागोमाग.
दोन्ही बाजूंना अहवाल, पाठीला सुतळीने शिवलेले.
लाकडी खोक्यांत, मोडक्या खडूंसारखे,
जमिनीच्या पोटातून काढलेले दगडाचे दांडे,
प्रत्येकावर खोली लिहिलेली:
एकशे बारा मीटर, एकशे तेरा,
एकशे चौदा हरवलेला.
डोंगरात हिंडलेल्यांच्या वह्या. एकीत चेपलेला डास,
एकीत मधेच हिशेब: साखर, काडतुसं, घोड्याचे नाल,
आणि खाली घाईघाईने,
"झऱ्याचं पाणी काल गढूळ झालं. मेंढपाळाला विचारणे."

नकाशा उलगडला तसा टेबलाला पुरेना.
रंगांवर रंग. पण उजव्या कोपऱ्यात,
रंगांचे अर्थ जिथे असायला हवेत तिथे
टाचणीची दोन भोकं, भोवती गंज.

सूची कुठे गेली?

एजेने चष्मा काढून पदरासारखा धरलेल्या रुमालाने पुसला,
पुन्हा पुसला.
त्र्याण्णवचा हिवाळा, म्हणाली. गॅस बंद, पगार बंद.
लेक सहा महिन्यांची, त्या तिथे निजायची, ग्रॅनाइटच्या खोक्यात,
दगड मीच काढून ठेवले होते.
दुबार प्रती जाळा, असं साहेब तोंडीच म्हणाले.
मी एकेक पाहून चुलीत घातली.
वाटलं, हिची दुसरी असेल.
नकाशा कापडावर चिकटवलेला असतो, तो नुसता धुमसतो.
सूचीचा कागद पातळ.
छान पेटतो.

मग तिने माझ्यापुढे पेन्सिल सरकवली. लिही.

गुलाबी, तो ग्रॅनाइट. त्याची काळजी करू नकोस.
निळा चुनखडीचा, आम्लाचा थेंब टाकलास तर फसफसेल.
पिवळी ही वाऱ्याने आणलेली माती,
कोरडी असेतो भिंतीसारखी उभी,
भिजली की पीठ.
मळकट हिरवा म्हणजे तिच्याखालची चिकण.
हिरव्यावर पिवळं बसलं असेल तिथे
आपल्याकडे घर बांधू नये, असं माझे आजोबाही म्हणायचे,
आणि त्यांनी नकाशा कधी पाहिला नव्हता.

मी बोटाने नदी धरली, पूल ओलांडला,
अक्रोडांच्या राईपाशी वळले.
शाळा पिवळ्यावर होती.
पिवळ्याखालून हिरव्याची कड
परकरासारखी डोकावत होती.

आणि हा जांभळा? राईच्या वरच्या अंगाला?

एजेचं बोट तिथे गेलं आणि थांबलं.
एकतीस वर्षं हा एक रंग आठवतेय मी.
कधी वाटतं, जिप्सम.
कधी वाटतं जुनी दरड, एकदा घसरून दमलेली.
रात्री जाग येते तेव्हा नक्की दरडच असते,
सकाळी खात्री राहत नाही.
खोटं लिहू नकोस. रिकामं ठेव.

मी रिकामं ठेवलं.
खाली तिने लिहिलं, "स्मरणावरून", तारीख घातली,
आणि खात्याचा शिक्का शोधून, त्यावर तोंडाची वाफ सोडून,
नीट दाबून मारला.
जांभळ्या चौकटीवरही थोडी शाई उतरली.

वर आले तर भुरभुर लागली होती.
नकाशाची सुरळी कोटात घालून स्टँडवर धावले.
ड्रायव्हरने विचारलं, कुठे? सांगितलं.
वरचा रस्ता चालू आहे, म्हणाला, निदान सकाळी तरी होता.
पेन्सिल माझ्याच मुठीत राहिली होती.